स्टार्टर सेट घेऊन लिहून खेळायचं असेल तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत एकत्र गोष्ट रचण्याचा खेळ आहे: प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि डंजन मास्टर बाकीचं सगळं जग. त्याचा २०१४ चा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा डबा, चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळावा म्हणून बनवलेला आहे. मी तो टेबलावर कधी मांडलाच नाही. माझ्या कामाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि माझ्याबरोबर खेळणारे वेगवेगळ्या घड्याळांवर जगतात, त्यामुळे आमचा सगळा खेळ लिहून चालतो. एका धाग्यात, म्हणजे एकाखाली एक येणाऱ्या ऑनलाइन पोस्टच्या साखळीत, कोणी सकाळी पोस्ट टाकतं, कोणी मध्यरात्री, आणि गोष्ट पुढे सरकते. याला प्ले-बाय-पोस्ट म्हणतात. नव्याने येणारा माणूस सुरुवात कशाने करू असं विचारतो, तेव्हा मी हाच डबा सुचवते. पण लिहून खेळण्यासाठी त्यात काही गोष्टी बदलाव्या लागतात आणि डब्यात त्याबद्दल एक ओळही नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी कसोटी आधी सांगते. लिहून खेळण्यात सगळ्यात महाग पडतं ते वाट पाहणं. टेबलावर डंजन मास्टरने "तू काय करतोस?" विचारलं की पाच सेकंदांत उत्तर येतं. धाग्यात ते उद्या येतं. टेबलावर ज्या नियमाबद्दल कोणाची तक्रार नसते, तोच नियम इथे अख्खा आठवडा खातो. मोहिमा, म्हणजे लांब चालणारे खेळ, मरतात त्या वाईट कथेमुळे क्वचितच. बहुतेक वेळा कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत राहतं, मग दुसराही थांबतो, आणि धागा थंड पडतो. त्यामुळे डब्यातली प्रत्येक वस्तू मी एकाच प्रश्नाने तपासते: ही खेळाडूला किती वेळा थांबवते?

डब्यात ३२ पानांचं नियमांचं पुस्तक आहे, ६४ पानांचं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' हे साहस, म्हणजे खेळायची तयार कथा, आहे, पाच तयार पात्रांचे कागद आहेत आणि सहा फासे आहेत. फासे दिसायला सुंदर आहेत, पण ते ज्याच्या घरी डबा त्याच्याच घरी राहतात. बाकीच्यांना त्यांचा उपयोग शून्य. लिहून खेळताना फासे सर्वांना दिसतील अशा ठिकाणीच पडायला हवेत. आरपीओएलसारख्या प्ले-बाय-पोस्टसाठीच बनवलेल्या संकेतस्थळावर फासे टाकण्याची सोय आतच असते आणि प्रत्येक टाकलेला फासा नोंदला जातो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर खेळणारे अव्रे हा आपोआप फासे टाकणारा बॉट वापरतात. दोन्ही चालतात. घरी फासा टाकून आकडा लिहायचा असं मात्र ठरवू नका. कोणावर अविश्वास असतो म्हणून नव्हे. सलग तीन वेळा वीस पडले तर ते सर्वांसमोर पडलेले असावेत, म्हणजे सगळ्यांना एकत्र आनंद होतो.

तयार पात्रं हे या डब्याचं खरं धन. दोन मानव फायटर (लढवय्ये), एक हाफलिंग (बुटक्या जातीचा) रोग, म्हणजे चोरटा, एक एल्फ (टोकदार कानांच्या जातीचा) विझार्ड, म्हणजे जादूगार, आणि एक ड्वार्फ (ठेंगण्या, दणकट जातीचा) क्लेरिक, म्हणजे पुजारी. नवा खेळाडू लिहून खेळायला आला की बहुतेक वेळा पात्र बनवण्यातच अडकतो. कुठली जात, कुठला वर्ग, कुठले मंत्र, आकडे कुठे कसे मांडायचे, यावर दोन आठवडे चर्चा चालते आणि पहिली पोस्ट पडायच्या आत उत्साह ओसरलेला असतो. इथे आकडे भरलेले आहेत. कागदावर नावाची जागा तेवढी रिकामी आहे, आणि ते मला फार आवडतं, कारण पात्र आपलं वाटायला नाव पुरतं. शिवाय प्रत्येक कागदावर स्वभाव, आदर्श, नातं, दोष असे छोटे रकाने भरून दिले आहेत आणि प्रत्येक पात्राला साहसातल्या एखाद्या जागेशी किंवा माणसाशी बांधणारं एक स्वतःचं उद्दिष्ट आहे. लिहिणाऱ्याला हेच हवं असतं. टेबलावर हे रकाने बहुधा कोणी बघत नाही, कारण तिथे आवाज आणि हावभाव असतात. धाग्यात तुमच्याकडे फक्त शब्द. पहिल्या पोस्टमध्ये काय लिहू असा प्रश्न पडला तर कागदावरचा दोषाचा रकाना वाचायचा आणि तिथून सुरू करायचं.

ज्यांना स्वतःचं पात्र बनवायचंच आहे त्यांच्यासाठी या डब्यातलं नियमांचं पुस्तक अपुरं आहे, कारण त्यात पात्र बनवण्याचा भाग नाही. त्यासाठी बेसिक रूल्स हे फुकट मिळणारं पुस्तक आहे. त्यात क्लेरिक, फायटर, रोग आणि विझार्ड हे चार वर्ग मिळतात. पहिल्या खेळासाठी मी ते उघडू देत नाही. तयार पात्र घ्या, खेळ अंगवळणी पडू द्या.

आता लढाई. डब्यातल्या साहसाची सुरुवात रस्त्यावर होते. एका ड्वार्फचं सामान गाडीतून फॅन्डॅलिन गावात पोचवायचं आहे, वाटेत दोन मेलेले घोडे पडलेले दिसतात, आणि झुडपांतून गोब्लिन, म्हणजे छोटे दुष्ट राक्षस, बाण मारायला लागतात. टेबलावर ही फार छान सुरुवात आहे. लिहून खेळताना मात्र तीच सगळ्यात धोक्याची जागा आहे. नियमाप्रमाणे प्रत्येकाने वीस बाजूंच्या फाशाने इनिशिएटिव्ह (कोण आधी खेळणार ते ठरवणारा आकडा) टाकायचा आणि त्या क्रमानेच आपली खेळी करायची. चार खेळाडू आहेत, प्रत्येक जण दिवसातून एकदा पोस्ट करतो असं धरा. प्रत्येकाने आपल्या आधीच्याची वाट पाहिली तर एका फेरीला चार दिवस लागतात आणि तीन फेऱ्यांच्या लढाईला बारा. टेबलावर जी लढाई अर्ध्या तासात संपते, तिच्यात इथे जवळजवळ दोन आठवडे जातात. आणि हा सगळा वेळ नव्या खेळाडूचा, ज्याला हा खेळ आवडेल की नाही हे अजून ठरायचं आहे.

उपाय साधा आहे आणि अनुभवी लोक तो सर्रास वापरतात. सगळ्या गोब्लिनांचा मिळून एकच इनिशिएटिव्ह टाका. त्यांच्यापेक्षा वरचा आकडा ज्यांचा आला, त्यांनी कुठल्याही क्रमाने, जमेल तेव्हा पोस्ट करायची. मग गोब्लिन. मग उरलेले सगळे, आणि त्यांच्यामागोमाग थेट पुढच्या फेरीतले वरचे लोकही. थोडक्यात, पहिल्या धक्क्यानंतर लढाई 'आपण सगळे, मग ते सगळे' अशी चालते. तीच फेरी आता एका दिवसात होते. यात डावपेचांचा थोडा बारीकपणा जातो हे खरं, पण मला तो सौदा मान्य आहे.

दुसरी गोष्ट, हल्ल्याचा फासा आणि नुकसानीचा फासा एकाच पोस्टमध्ये टाकायला लावा. "लागला तर एवढं नुकसान" असं आधीच लिहिलेलं असलं की डंजन मास्टरला परत विचारावं लागत नाही. मी याच्याही पुढे जाते आणि गोब्लिनांचा आर्मर क्लास (फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ आहे हे पहिल्याच फेरीत उघड सांगून टाकते. काही जणांना हे गुपित फोडल्यासारखं वाटतं. पण खेळाडूला आपला बाण लागला हे स्वतःला कळलं, तर त्याचं वर्णनही तो स्वतःच लिहितो, आणि ते माझ्या वर्णनापेक्षा नेहमीच जास्त जिवंत असतं. गोब्लिनाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, सात असतात. एक चांगला फटका बसला की तो पडतो. नव्या खेळाडूने पहिल्याच पोस्टमध्ये गोब्लिन पाडल्याचं आपल्या शब्दांत लिहावं, याहून चांगलं स्वागत मला माहीत नाही.

तिसरी अडचण गोब्लिनांच्या स्वभावातच आहे. नियमांप्रमाणे ते बाण मारून त्याच खेळीत पुन्हा लपू शकतात. टेबलावर यामुळे मजा येते. धाग्यात प्रत्येक खेळाडूला आधी "मला तो दिसतो का?" असं विचारावं लागतं आणि मग उत्तराची वाट पाहावी लागते. मी पहिल्या लढाईत ही लपाछपी बंद ठेवते. आणि जे काही दिसायचं ते पॅसिव्ह पर्सेप्शनवर (पात्राच्या आपोआप काय लक्षात येतं त्या आकड्यावर) ठरवते, म्हणजे दहा अधिक पात्राचा बोनस. फासा टाकायलाच नको, पोस्टमध्ये लिहून टाकायचं: क्लेरिकला उजवीकडच्या झुडपात हालचाल दिसते.

समोरच्याच्या खेळीच्या मध्येच वापरायच्या शील्डसारख्या मंत्रांचंही आधी ठरवून घ्यावं लागतं. शील्ड हा मंत्र फटका लागल्याच्या क्षणी टाकायचा असतो आणि त्याने आर्मर क्लास पाचने वाढतो. आता फटका लागला हे विझार्डला कळवून त्याच्या उत्तरासाठी दिवसभर थांबायचं का? विझार्ड खेळणाऱ्याने सुरुवातीलाच लिहून ठेवावं: "पहिल्यांदा असा फटका बसला की जो शील्डने चुकेल, तेव्हा शील्ड टाकतो." बस. उलट मॅजिक मिसाइलसारखा मंत्र लिहून खेळणाऱ्यांसाठी वरदान आहे, कारण तो चुकतच नाही; खेळाडू एकाच पोस्टमध्ये सगळं उरकून मोकळा.

पोस्ट कशी लिहावी हे डब्यात नाही आणि असण्याचं कारणही नाही, पण नव्या माणसाला सगळ्यात जास्त मदत इथेच लागते, म्हणून उदाहरणच देते. रोग खेळणारा लिहितो: "मी गाडीमागे लपतो." चूक काहीच नाही, पण पुढचा माणूस या वाक्याचं काय करणार? हेच असं लिहिलं तर बघा:

"ओल्या चिखलात गुडघा टेकून मी मागच्या चाकाआड सरकतो. धनुष्य ताणलेलं आहे. फायटरने त्यांचं लक्ष रस्त्याच्या पलीकडे वेधलं तर डावीकडच्या गोब्लिनावर बाण; नाही वेधलं तर जागा सोडत नाही, घोड्याचा लगाम धरून ठेवतो. क्लेरिक, तुझ्या खांद्यातून रक्त येतंय, खाली वाक!"

इथे तीन कामं झाली. 'तर' आणि 'नाहीतर' दोन्ही लिहिल्यामुळे डंजन मास्टर न विचारता पुढे जाऊ शकतो. फायटरला एक संधी दिली. आणि क्लेरिकला उत्तर द्यायला एक वाक्य मिळालं. दुसऱ्याचं पात्र काय करतं हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ती मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळायची. पोस्ट लांब असावी असा काही नियम नाही. चार ओळी भरपूर होतात, फक्त त्या चार ओळींत दुसऱ्याला पकडायला काहीतरी हवं.

साहसाच्या पहिल्या भागातली गुहा मात्र लिहून खेळताना जड जाते. वाट फुटते, पुन्हा फुटते, आणि प्रत्येक फाट्यावर डावीकडे की उजवीकडे याची चर्चा सुरू होते. सभ्य माणसं एकमेकांना "तुम्ही म्हणाल तसं" लिहीत राहतात आणि गुहेच्या तोंडाशीच आठवडा निघून जातो. मी चालण्याचा क्रम आधीच लिहून घेते आणि जो सर्वांत पुढे, फाट्यावरचा निर्णय त्याचा, असं ठरवते. कोणाला पटलं नाही तर पात्राच्या तोंडून कुरकुर करावी. तीही छान लिहिली जाते. पुस्तकातले नकाशे डंजन मास्टरसाठी आहेत, त्यांवर खोल्यांचे क्रमांक आणि गुपितं दोन्ही छापलेली आहेत. खेळाडूंसाठी वेगळा नकाशा डब्यात नाही, ही मला मोठी उणीव वाटते. ऑनलाइन चौकटींच्या तक्त्यात खोली रंगवून, प्रत्येक चौकट पाच फूट धरून, मी तो प्रश्न सोडवला. पात्रं बहुतेक तीस फूट चालतात, त्यामुळे सहा चौकटी मोजल्या की झालं.

आणि मग दुसरा भाग येतो, फॅन्डॅलिन गावाचा. याच भागासाठी मी या डब्याची इतकी भलामण करते. गावात सराय आहे, दुकानं आहेत, छोटं देऊळ आहे, गुंडांची टोळी आहे, आणि जवळजवळ प्रत्येक माणसाकडे एक गाऱ्हाणं किंवा एक अफवा आहे. टेबलावर पात्रांचा गट फुटून वेगवेगळीकडे गेला की डंजन मास्टरच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण एकाशी बोलताना बाकीचे तीन जण फोन बघत बसतात. लिहून खेळताना गट फुटणं हीच पर्वणी असते. रोग दारूच्या गुत्त्यात कान टवकारून बसला आहे, क्लेरिक देवळात आहे, फायटर दुकानदाराशी हुज्जत घालतो आहे, विझार्ड शेतावर एका मुलाशी बोलतो आहे. चार धागे एकाच वेळी चालतात आणि कोणीच कोणाला अडवत नाही. वाट पाहणं जवळपास संपतं. खेळाडू दिवसातून दोन-दोनदा पोस्ट टाकायला लागतात.

आमच्यात एक खेळाडू होती जी बोलताना अडखळते. टेबलावर तिने यापूर्वी प्रयत्न केला होता. तिथे ज्याचा आवाज चढा त्याचं पात्र पुढे, असं चालायचं, आणि ती बहुतेक वेळ फक्त फासे टाकत बसायची. फॅन्डॅलिनमध्ये तिच्या हाफलिंगने टोळीतल्या एका माणसाला केवळ बोलण्यात गुंडाळून त्याच्याकडून अड्ड्याची वाट काढून घेतली. दोन दिवस ते संभाषण चाललं होतं. बाकीचे आम्ही पुढची ओळ येण्याची वाट पाहत होतो, आणि त्या एका वेळी ते वाट पाहणं मला हवंहवंसं वाटलं. पर्सुएशनचा, म्हणजे समोरच्याला पटवण्याचा, फासा मी टाकायला लावलाच नाही. जे लिहिलं होतं ते पुरेसं होतं.

पुढच्या भागांत काय आहे ते सांगत नाही. फक्त खेळाडू म्हणून उतरणार असाल तर ६४ पानांच्या पुस्तकाला हातही लावू नका. डंजन मास्टरांसाठी एवढंच: तिसऱ्या भागात आजूबाजूच्या मुलुखात बरीच ठिकाणं मोकळी सोडलेली आहेत. सगळी खेळायची गरज नाही. ज्या पात्राचं उद्दिष्ट ज्या जागेशी जोडलेलं आहे ती जागा घ्या, उरलेली सोडा. हे साहस पात्रांना पहिल्या पातळीपासून पाचव्यापर्यंत नेतं. लिहून खेळताना एवढा प्रवास वर्षाहून जास्त चालू शकतो, तेव्हा छाटणी करायला संकोच नको. पुस्तक अनुभवाचे गुण मोजायला सांगतं; मी मोजत नाही. मोठा टप्पा गाठला की सर्वांची पातळी वाढते, हिशेबाच्या पोस्ट टळतात.

डबा घ्यायच्या आधी लक्षात ठेवण्यासारखं आणखी थोडं. यातले नियम पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या रूपातले आहेत. २०२४ मध्ये सुधारित नियम आले, तेव्हा तुमच्या गटातल्या कोणाकडे नवं पुस्तक असेल तर कुठलं रूप चालणार ते पहिल्याच पोस्टमध्ये जाहीर करा. नाहीतर मंत्रांवरून वाद होतात. नियम धाग्यात उतरवून देण्याची वेळ सारखी येते. त्यासाठी पाचव्या आवृत्तीचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे मूळ नियमांचा खुला संच, वापरा. तो जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे आणि श्रेय देऊन त्यातला मजकूर उघडपणे देता येतो. साहसाच्या पुस्तकाला ही मोकळीक नाही. त्यातले वाचून दाखवायचे परिच्छेद जसेच्या तसे सार्वजनिक पानावर टाकू नका. आपल्या शब्दांत लिहा, मराठीत लिहिताना ते आपोआपच होतं आणि वाचायलाही चांगलं लागतं.

तुम्हाला डबा न घेता आधी दुसऱ्याच्या खेळात शिरायचं असेल तर तेही उत्तम. जाहिरात वाचताना कथेच्या आधी दोन गोष्टी बघा: पोस्ट किती दिवसांनी अपेक्षित आहे, आणि एखादा खेळाडू गायब झाला तर त्याच्या पात्राचं काय होणार. ज्या डंजन मास्टरने या दोन्हींची उत्तरं आधीच लिहून ठेवली आहेत, त्याची मोहीम टिकण्याची शक्यता जास्त. मी स्वतः पाच खेळाडू घेते, कारण एखादा गळतोच, आणि तीन दिवस पोस्ट आली नाही तर त्या पात्राची खेळी मीच लिहिते, हे सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगून ठेवते.

गट जमतच नसेल, एकच मित्र तयार असेल, तर स्टार्टर सेटऐवजी २०१९ चा एसेन्शियल्स किट घ्या. त्यात पात्र बनवण्याचे नियम आहेत, अकरा फासे आहेत, आणि साइडकिक नावाच्या सोबती पात्रांमुळे एक डंजन मास्टर आणि एकच खेळाडू असा खेळ नीट चालतो. साहसही त्याच फॅन्डॅलिन गावाभोवतीचं आहे. तिथे फलकावर लावलेली कामं एकेक करून घ्यायची असतात, म्हणून गावातल्या माणसांशी स्टार्टर सेटइतकी जवळीक होत नाही. पण दोघांच्या खेळात थांबायचं ते फक्त एकमेकांसाठी, त्यामुळे रिकामी संध्याकाळ मिळाली तर एका बैठकीत दहा-बारा पोस्ट सहज होतात.